शंभर डिस्क, तीनशे तास

१९८०च्या दशकात प्रोसेसर झपाट्याने वेगवान होत होते आणि डिस्क मागे पडत होती. मुंडी सरकून, चकती फिरून हवी ती जागा समोर येईपर्यंत प्रोसेसर ताटकळत बसे. त्यावर तोड निघाली कामाच्या वाटणीची: एकच फाइल तुकडे पाडून अनेक डिस्कवर पसरायची, म्हणजे सगळ्या एकदम कामाला लागतात. केनेथ सालेम आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांच्या १९८६च्या निबंधाचे नावच ‘डिस्क स्ट्रायपिंग’ होते.

तुकडा केवढा असावा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. तुकडे लहान असले की मोठी फाइल भराभर येते. पण प्रत्येक मागणीला सगळ्या डिस्क अडकतात आणि सर्वांत उशिरा पोचणाऱ्या मुंडीसाठी बाकीच्या खोळंबतात. तुकडे मोठे असले की अनेकांच्या छोट्या मागण्या वेगवेगळ्या डिस्क एकाच वेळी भागवतात, एकट्यादुकट्याला मात्र फारसा फायदा नाही. बँकेच्या नोंदींना दुसरी रीत मानवते, शास्त्रीय गणितांना पहिली.

खरी अडचण निराळीच होती. बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ सालच्या निबंधात आयबीएमच्या ७,५०० मेगाबाइटच्या अवाढव्य ३३८० डिस्कसमोर कॉनर कंपनीच्या १०० मेगाबाइटच्या ७५ स्वस्त डिस्क मांडल्या. क्षमता तेवढीच, वेग कितीतरी जास्त. पण एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर अशा शंभर डिस्कपैकी एखादी सरासरी ३०० तासांतच, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत बंद पडणार. आणि फाइल पसरलेली असल्याने एक गेली की सगळेच गेले.

उपाय होता जादा डिस्क ठेवण्याचा. तीन डिस्कवर १, ०, १ असेल, तर चौथीवर ० लिहायचा, म्हणजे एकांची संख्या सम राहते. मधली डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिथे ० होता हे कळते. या जादा अंकाची, म्हणजे पॅरिटीची, किंमत लिहिताना चुकती होते: एक छोटा बदल करायचा तर जुना मजकूर व जुनी पॅरिटी वाचायची, मग दोन्ही नव्याने लिहायच्या, एका कामाची चार कामे. शिवाय पॅरिटी एकाच डिस्कवर ठेवली तर सारे लेखन तिच्याच दारात रांग लावते. म्हणून या तिघांनी मांडलेल्या ‘रेड’ रचनेच्या पाचव्या पातळीत ती सगळ्या डिस्कवर आळीपाळीने वाटली गेली.

१९८८च्या त्या निबंधात रेडच्या पातळ्या १ ते ५ अशा होत्या. नुसत्या स्ट्रायपिंगला ‘रेड शून्य’ हे नाव मागाहून पडले. त्यातल्या शून्याचा अर्थ, संरक्षण अजिबात नाही.