मारुती ८००चा हीटर आणि गायब झालेला थर्मोस्टॅट

हेंद्रेपाड्यात कारचा हीटर दुरुस्त करायचा म्हटलं की लोक हसतात. बदलापुरात थंडी ती केवढी! पण जुलैत मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून बघा. काच आतून धुरकट होते, समोरचा ट्रक दिसत नाही. जुन्या गाडीत एसी नसेल तर काच पुसायला गरम हवाच लागते.

१४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची चावी दिली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. तिच्या आधीचा जमाना कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा. घाटात बॉनेट उघडून, वाफाळत उभ्या गाड्या तुमच्या काकांनी पाहिल्या असतील. त्यावर गॅरेजचा जालीम उपाय एकच: थर्मोस्टॅट काढून फेका. माझ्या मते हीच सवय मारुतीच्याही मागे लागली.

आता गंमत बघा. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, त्यात इंजिनचंच गरम पाणी फिरतं. थर्मोस्टॅट नसेल तर पाणी थांबतच नाही, सतत मोठ्या रेडिएटरकडे पळतं. इंजिन कोमट, हीटर कोमट, वर पेट्रोल जास्त!

गाडी तापली की बंद करा आणि हीटरचे दोन्ही पाइप जपून चाचपा. एक गरम, एक गार? व्हॉल्व्ह बंद असेल, नाहीतर बोअरच्या पाण्याच्या क्षाराने आतला रेडिएटर तुंबलाय. दोन्ही गरम? मग हवेची झडप किंवा पंखा बघा. दोन्ही कोमट असतील, तर मेकॅनिकला आधी विचारा, "दादा, थर्मोस्टॅट आहे ना आत?"