पेण-रोह्याची वनस्पतिनोंद आणि युद्धोत्तर शांतता

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपली व १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले. या दोन घटनांच्या दरम्यान पेण-रोह्याच्या परिसरात कंपनी सरकारचा अंमल स्थिरावला. तोफा थंडावताच मोजणीदार आला आणि त्याच्या मागोमाग वनस्पतिशास्त्रज्ञ, हा क्रम योगायोगाचा नव्हे. खडकीच्या लढाईत लढलेला साईक्सच १८२४ पासून दख्खनची सांख्यिकी व तेथील पशुपक्षी यांच्या नोंदी करू लागला. वनस्पतींच्या बाबतीत हे कार्य डॉ. अलेक्झांडर गिब्सन याने केले. दापोडीच्या सरकारी बागेचा हा अधीक्षक १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. डाल्झेल याच्यासह त्याने रचलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलतोडीने झरे आटतात व खाड्या गाळाने भरतात, ही त्याची चिंता खरी होती. सरकारला मात्र जहाजबांधणीच्या सागाची काळजी अधिक होती.

या ग्रंथात लॅटिन नावांबरोबर देशी नावेही येतात. ती पुरविणारा कोणी डोंगरातला जाणकारच असला पाहिजे. शास्त्राने त्याचा शब्द घेतला, एवढेच. भाषाभ्यासकास याहून बोलके वाटावेत असे दोन शब्द म्हणजे ‘राब’ आणि ‘दळी’. ऐनाच्या डहाळ्या, पालापाचोळा व शेण पसरून भाताच्या रोपांची जागा भाजणे म्हणजे राब. डोंगरउतारावर कातकरी-ठाकूर नाचणी-वरीसाठी कसत ती जमीन दळी. झाडाचे नाव शास्त्रग्रंथात गेले. त्याची डहाळी तोडणे मात्र वनखात्याच्या दप्तरात गुन्हा ठरू लागले. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे-कुलाब्यात असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे २५ सप्टेंबर १९३० रोजी पेणच्या उत्तरेस चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. १८१८ नंतरच्या स्थितीस शांतता म्हणावे की केवळ शस्त्रसंधी, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी जुनी गॅझेटियरे, मोजणीची कागदपत्रे आणि रूढी-परंपरांविषयी मान्यवर संस्थांनी केलेले संशोधन ही पुराव्यात धरली आहेत. १८८३ चे कुलाब्याचे गॅझेटियर राज्यकारभाराच्या सोयीसाठी लिहिले गेले होते. दळीधारकाला आपल्या दाव्यासाठी आता तेच ग्रामसभेपुढे ठेवता येते.