गुंठा आणि बावखल

वसईजवळच्या निर्मळ गावात कुणालाही वाट विचारा, उत्तर तळ्यापासून सुरू होते. तळ्याच्या अलीकडे, देवळाच्या मागे, चर्चच्या पुढे. अक्षांश-रेखांश कोणी सांगत नाही. पण वाडीचा विषय निघाला की तोच माणूस सर्व्हे नंबर, हिस्सा आणि गुंठे घडाघडा सांगतो. सरकारी मोजणीतले हे शब्द घराघरांत कसे रुळले? त्यासाठी आपल्याला पुणे जिल्ह्यातील इंदापूरला जावे लागेल.

पेशवाईनंतर प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे भागात जमीन मोजवली. उत्पन्न काढायचे, खर्च वजा करायचा आणि उरेल त्यावर सारा बसवायचा, असा त्याचा बारीक हिशेब होता. १८३० मध्ये नवे दर लागू झाले. पण मुळात मोजणीच चुकीची, आणि हिशेब शेतकऱ्याला पडताळता येईना. सारा थकला, जमिनी ओस पडल्या.

१८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथेच पुन्हा मोजणी केली. हेतू साऱ्याचाच होता. रीत मात्र बदलली. एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या जमिनीचा एक नंबर धरला. जमिनीचा कस आण्यांत सांगितला: उत्तम जमीन सोळा आणे, बाकीच्या त्याखाली. साखळी ३३ फुटांची, तिचेही भाग सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताच्या हद्दीवर खुणा घातल्या. कागदावरची रेघ शेतकऱ्याला बांधावर उभे राहून तपासता येऊ लागली. १८४७ च्या ‘जॉइंट रिपोर्ट’ने ही पद्धत मुंबई इलाख्यासाठी पक्की केली.

आज डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. ही मोठीच सोय आहे. पण निर्मळच्या परिसरातले बावखल घ्या. उपग्रहाच्या चित्रात तो पाण्याचा एक ठिपका. ते पावसाचे पाणी धरून ठेवते, वाडीला पुरवते, विहिरींना पाझर देते, हे गाव जाणते. वसईत अशी कितीतरी बावखले बुजवली गेली. ज्यांची नावे नकाशावर कधी चढलीच नाहीत, त्यांची साक्ष वडीलधाऱ्यांच्या आठवणीतच उरली आहे.

मोजणी यंत्राने जरूर करावी. नावे मात्र गावात बसून, जाणत्यांना विचारून लिहावीत. आणि ती जाणती माणसे आहेत तोवरच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)