बर्डीचे स्थानक आणि महालची वाट

भुयारी रेल्वेस्थानकाविषयी नागपुरात बोलायचे, तर आधी एक कबुली दिली पाहिजे. असे स्थानक नागपुरात एकही नाही. पुण्यात 2024 च्या सप्टेंबरात कसबा आणि मंडईच्या खालून गाडी धावू लागली. मुंबईत 2025 च्या ऑक्टोबरात गिरगाव, काळबादेवीच्या पोटातून धावू लागली. आमची मेट्रो मात्र खांबांवरून जाते, खापरीकडे तेवढी जमिनीवर उतरते. भुयारापेक्षा खांब पुष्कळ स्वस्त पडतात आणि आमचे काही रस्तेही रुंद आहेत. ही कारणे खोटी नाहीत. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते: भुयार न खणल्यामुळे गाडी कुठे पोहोचली नाही?

भुयाराचा खरा उपयोग जुन्या, दाट वस्तीत शिरण्यासाठी. लंडनने 1863 मध्ये गाडी प्रथम जमिनीखाली घातली, ती वर रस्त्यांत पाऊल ठेवायला जागा उरली नाही म्हणून. (आपल्या गिरगावात तरी काही घरे हलवावीच लागली, ती गोष्ट निराळी.) नागपुरात अशी वस्ती म्हणजे महाल. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने 18व्या शतकाच्या आरंभी वसवलेले आणि पुढे भोसल्यांनी राजधानी केलेले नागपूर ते हेच. त्याच्या पश्चिमेला, जुम्मा तलावापलीकडे, सीताबर्डीच्या दोन टेकड्या. पायथ्याशी इंग्रजांची रेसिडेन्सी.

26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने या टेकड्यांवर मारा सुरू केला. रेसिडेंट जेन्किन्स याच्याजवळ फार तर चौदाशे शिपाई. भोसल्यांकडे त्याच्या दसपट माणसे. रात्रभर तोफा चालल्या. सकाळी अरबांनी धाकटी टेकडी घेतली देखील. थोरलीही आता जाणार, असा रंग दिसू लागला. तोच कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात मुसंडी मारून तोफा काबीज केल्या, आणि धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट होऊन अरबांत गोंधळ उडाला. दुपारपर्यंत राज्याचा निकाल लागला होता. भोसल्यांची गादी नावाला 1853 पर्यंत टिकली. सत्ता मात्र त्या दिवशीच महालातून निघून बर्डीवर आली. टेकडीवर किल्ला उठला, तोही बाहेरच्या शत्रूपेक्षा शहरावर नजर ठेवण्यासाठी, असे मला वाटते.

तिसरे रघूजी ज्या 1853 साली वारले, त्याच वर्षी मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. 1867 मध्ये ती नागपूरला आली आणि थांबली ती बर्डीच्या कुशीत. तिला भोसल्यांच्या वाड्याशी कर्तव्य नव्हते; वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबईच्या बंदराला न्यायचा होता. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तीही या रुळांच्या आसऱ्याने. कचेऱ्या, दुकाने, कॉलेजे हळूहळू इकडे आली. महालचा माणूस कामाला निघताना ‘बर्डीला जाऊन येतो’ म्हणू लागला.

7 मार्च 2019 रोजी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, खापरीपासून सीताबर्डीपर्यंतचा. पुढच्या जानेवारीत लोकमान्यनगरची गाडीही येथेच आली. आज दोन्ही मार्ग बर्डीच्या मुंजे चौकात एकमेकांना ओलांडतात. दुसरी जागा कोणी सुचवली असती तरी ती टिकली नसती. दोनशे वर्षांत सारे रस्ते येथे येऊन मिळाले होते. एक फरक मात्र मोठा आहे. किल्ला शहराला धाकात ठेवण्यासाठी बांधला गेला, आगगाडी कापसासाठी आली; मेट्रो माणसांना शहरातल्या शहरात फिरवण्यासाठी बांधली. म्हणूनच ती महालात शिरत नाही याची खंत वाटते. पूर्वेकडे जाणारी गाडी सेंट्रल ॲव्हेन्यूच्या वरून जाते, भोसल्यांच्या बोळांना बगल देऊन. तेथे खांब रोवायला जागा नाही, आणि भुयाराचा खर्च जड.

बर्डीच्या स्थानकाशेजारी ती टेकडी उभी आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात असून, 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला सामान्य माणसाला वर जाता येते. महालचा प्रवासी मात्र अग्रसेन चौकात किंवा चितार ओळीला उतरतो आणि पुढची वाट पायी नाहीतर रिक्षाने धरतो.