विमानातील अनाम माणसे

विद्यार्थी मित्रहो, एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ १९७८ ते १९८१ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते, हे आपण ऐकले असेल. पण विमान एकट्या वैमानिकाच्या बळावर चालत नसे. आमचे मामू फ्लाइट इंजिनिअर होते. इंजिनांचे तापमान, तेलाचा दाब आणि उरलेले इंधन यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणे, हे त्यांचे काम.

ऑक्टोबर १९६२ मध्ये ए.एन.-१२ विमानांनी चंदीगडहून रणगाडे लडाखमधील चुशूलला पोहोचविले. चौदा हजार फुटांवरील विरळ हवेत इंजिनांची शक्ती घटते. तेथे अशा माणसाचा हिशेब चुकून चालत नाही. इतिहासात त्या मोहिमेची नोंद आहे. अशा कर्मचाऱ्यांची नावे मात्र क्वचितच आढळतात. ती सापडतात घरच्या लॉगबुकात : तारीख, मार्ग, उड्डाणाचे तास. मामूंची लॉगबुके घर बदलताना गहाळ झाली. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेचे आता एक छायाचित्र तेवढे उरले आहे.

म्हणून पालकहो, घरातील जुनी ट्रंक उघडून मुलांना दाखवा. मित्रहो, वडीलधाऱ्यांना विचारा आणि सन-तारखेसह लिहून ठेवा. आपल्या माणसांनी देशासाठी काय केले, हे दुसऱ्या कोणी लिहील याची वाट पाहू नका.