युद्धातून वाचलेली बोट

माणसांची चरित्रे आपण पुष्कळ ऐकतो. आज मला एका बोटीचे चरित्र सांगावयाचे आहे. ही बोट राजेरजवाड्यांची नव्हे, तोफा डागणाऱ्या आरमाराचीही नव्हे. ओझे वाहणारी साधी मालवाहू आगबोट. तिचे आयुष्य उणेपुरे पाच वर्षांचे, 1942 ते 1947. युद्धाच्या धामधुमीतून ती सुखरूप बाहेर पडली आणि शांततेच्या काळात, शेताचे खत वाहून नेताना तिचा अंत झाला. हे असे का घडले, हे समजून घेण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या इंग्लंडकडे जाणाऱ्या बोटी एकामागून एक बुडवीत होत्या. बुडतात त्याहून जास्त बोटी बांधल्याखेरीज तरणोपाय नव्हता. तेव्हा अमेरिकेने एकाच नमुन्याच्या बोटी घाऊक बांधावयास घेतल्या. त्यांना ‘लिबर्टी’ बोटी म्हणत. लांबी 441 फूट, वेग ताशी अवघा वीस किलोमीटर. म्हणजे चांगला सायकलवाला तिच्या बरोबरीने गेला असता! पण माल नेई सुमारे दहा हजार टन. बैलगाडीत अर्धा टन धरला, तर वीस हजार गाड्यांचा माल एका बोटीच्या पोटात. पत्रे रिबिटांनी ठोकण्याऐवजी वितळजोडाने जोडीत. सुटे भाग ठिकठिकाणी तयार करून आणीत आणि गोदीत एकत्र बसवीत. पहिल्यापहिल्याने एका बोटीला सात-आठ महिने लागत. पुढे सरासरी सहा आठवडे पुरू लागले. 1941 ते 1945 या काळात अशा 2,710 बोटी पाण्यात उतरल्या.

बहुतेक बोटींना एखाद्या दिवंगत नामवंताचे नाव देत. आपली बोट 1942 साली लॉस एंजेलिस येथे बांधली गेली. तिचे नाव ठेवले ‘बेंजामिन आर. कर्टिस’. हे कर्टिस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात, 1857 साली, बहुमताने निकाल दिला की काळ्या माणसाला अमेरिकेचा नागरिक होता येणार नाही. कर्टिस यांनी त्याविरुद्ध आपले मत निर्भीडपणे नोंदविले आणि त्याच वर्षी न्यायासन सोडले. हे नाव ध्यानात ठेवा. पुढे त्याची आठवण येणार आहे.

पॅसिफिक महासागरात या बोटीने युद्धकाळाची चाकरी बजावली. युद्ध संपताच तिला फिलाडेल्फिया येथे नांगरून ठेवले. पण युरोपात तर बोटींची वाण पडलेली. फ्रान्सच्या गोद्या उद्ध्वस्त, बोटी बुडालेल्या. तेव्हा अमेरिकेने बऱ्याच लिबर्टी बोटी फ्रान्सला दिल्या, त्यांत ही एक. तिचे नवे नाव ‘ग्रँडकँप’. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर या नावाचे एक गाव आहे. अशा रीतीने लष्कराच्या चाकरीतली बोट व्यापारी बोट झाली.

बोटीसारखेच कारखान्यांचेही झाले. युद्धात दारूगोळा बनविणारे अमेरिकेचे सरकारी कारखाने आता अमोनियम नायट्रेट हे खत बनवू लागले होते. युरोपातील जमिनी उपाशी, माणसे उपाशी. म्हणून हे खत तिकडे पाठवीत. हेतू किती चांगला, नाही का? पण अमोनियम नायट्रेट हा पदार्थ दुतोंडी आहे. पिकाला तो नत्र देतो, आणि बाँबगोळे भरण्यासाठीही तोच वापरीत. कारखान्याने काम बदलले. पदार्थाने आपला गुण कसा बदलावा?

एप्रिल 1947 मध्ये ‘ग्रँडकँप’ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर टेक्सास सिटी येथे माल भरीत होती. दोरखंड, शेंगदाणे, तंबाखू, कापूस, बंदुकीच्या काडतुसांच्या काही पेट्या, आणि सुमारे 2,300 टन अमोनियम नायट्रेट. कागदी पोत्यांवर ‘खत’ असे छापलेले होते. स्फोटाचा धोका आहे, असा इशारा नव्हता. पोती उचलताना हाताला ऊन लागतात, असे काही हमालांच्या ध्यानात आले होते. पण खताला कोण भितो? काम चालू राहिले.

16 एप्रिलच्या सकाळी आठच्या सुमारास चौथ्या खणातून धूर येताना दिसला. आधी पिण्याचे पाणी ओतून पाहिले, मग विझविण्याची नळकांडी वापरली. आग हटेना. नळाने पाणी मारावे, तर सगळा माल नासेल. म्हणून कप्तानाने खणाची झाकणे बंद करविली, वर ताडपत्र्या ओढविल्या आणि आत वाफ सोडविली. बोटीवरची ही जुनीच रीत आहे. हवा कोंडली की आग गुदमरते. लाकूड जळत असो, कापूस जळत असो, ही रीत बहुधा उपयोगी पडते.

इथंच घात झाला. अमोनियम नायट्रेटला बाहेरच्या हवेची गरज नाही. त्याच्यातच प्राणवायू असतो. कोंडल्याने आग विझली नाही. उलट उष्णता आणि दाब मात्र वाढत गेला. चुलीवरच्या भांड्याचे झाकण घट्ट दाबून धरावे, तसे झाले. नारिंगी रंगाचा धूर उठू लागला. तो नवलाचा धूर पाहावयास लोक धक्क्यावर गोळा झाले. गावचे स्वयंसेवक बंबवाले धावून आले.

नऊ वाजून बारा मिनिटांनी बोट फुटली. तिचा दोन टनांचा नांगर दीड मैलाहून अधिक दूर जाऊन पडला. आकाशात फिरणारी दोन लहान विमाने कोसळली. पंधरा फुटांची लाट किनाऱ्यावर आली. शेजारचा रसायनांचा मोठा कारखाना जमीनदोस्त झाला. गावच्या 28 बंबवाल्यांपैकी 27 जण जागच्या जागी गेले. जवळच उभ्या असलेल्या ‘हाय फ्लायर’ या बोटीतही हेच खत होते, शिवाय गंधक. तीही पेटली आणि त्याच रात्री एकच्या सुमारास उडाली. सरकारी नोंदीप्रमाणे 581 माणसे दगावली. त्यांतील 63 जणांची ओळख पटली नाही आणि 113 जणांचा पत्ताच लागला नाही. आग मुळात कशाने लागली, हेही निश्चित ठरले नाही.

नातेवाइकांनी सरकारवर दावे लावले. त्यांचे म्हणणे साधे होते: ज्यांनी हे खत बनविले त्यांनी त्याचा धोका हमालांना, कप्तानाला, बंबवाल्यांना सांगावयास नको होता काय? खालच्या कोर्टात त्यांच्यासारखा निकाल लागला, पण अपिलात तो फिरला. शेवटी 1953 साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, अशा धोरणाच्या बाबतीत सरकारवर दावा चालत नाही. तीन न्यायमूर्तींनी विरुद्ध मत दिले. जिच्यावरून हा वाद उठला त्या बोटीचे मूळ नाव अशाच एका विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्तींचे होते! दोन वर्षांनी, 1955 साली, अमेरिकेच्या संसदेने खास कायदा केला आणि त्याखाली सुमारे पावणेदोन कोटी डॉलर वाटण्यात आले.

हे ऐकताना मुंबईकरांना आपल्या गोदीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट पेटली. तीही 1942 सालचीच, कॅनडात बांधलेली. लिबर्टी बोटींचा नमुना ज्या इंग्रजी बोटीवरून घेतला, त्याच घराण्यातली. म्हणजे ‘ग्रँडकँप’ची चुलत बहीणच म्हणा. तिच्यात स्फोटके होती आणि कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी चारच्या पुढे दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे 66 जवान आणि शेकडो नागरिक प्राणास मुकले. आजही देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात, तो याच वीरांच्या स्मरणार्थ.

दोन्ही घटनांत एक फरक आहे, बरे का. मुंबईत बोटीवर काय आहे हे कागदोपत्री ठाऊक होते. पण ठाम हुकूम वेळेवर कुणी दिला नाही. टेक्सास सिटीत हुकूम लगेच दिला गेला; पण आपण काय हाताळतो आहोत, हेच देणाऱ्याला ठाऊक नव्हते. एका ठिकाणी निर्णय कमी पडला, दुसऱ्या ठिकाणी ज्ञान.

असे प्रसंग युद्धाबरोबर संपले, असे मात्र समजू नका. 4 ऑगस्ट 2020 रोजी लेबनॉनच्या बैरूत बंदरात हेच अमोनियम नायट्रेट फुटले. 2,750 टन माल वर्षानुवर्षे गोदामात पडून होता. दोनशेहून अधिक माणसे मेली. आपल्या देशात 2012 पासून या पदार्थासाठी वेगळे नियम आहेत. त्याचा साठा आणि वाहतूक परवान्याशिवाय करता येत नाही. शेतकरी बांधवांनी यामुळे घाबरून जाऊ नये. आपण शेतात टाकतो तो युरिया निराळा. त्याचा असा स्वभाव नाही. पण खत असो की फवारणीचे औषध असो, पोत्यावर किंवा डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. वाचता येत नसेल त्याने घरातल्या शाळकरी पोराकडून वाचवून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

आणि गुरुजींना एक विनंती. ही गोष्ट वर्गात सांगाल, तेव्हा नांगर किती लांब उडाला, एवढ्यावर थांबू नका. मुले ते आवडीने ऐकतील खरी. पण धक्क्यावर धूर पाहत उभ्या राहिलेल्या त्या लोकांविषयीही सांगा. आग दिसली की बघ्यांनी तिथून आधी दूर व्हावे आणि ज्याला माहिती आहे त्याला बोलावून आणावे, एवढे जरी मुलांच्या मनावर ठसले, तरी हे चरित्र सांगितल्याचे सार्थक होईल.