फंक्शनच्या वाटेवरचा नाका

फाइल उघडायची असो, मेमरी मागायची असो की घड्याळ पाहायचे असो, संगणकावरचा प्रोग्राम ती कामे स्वतः करत नाही. तो सिस्टिमच्या लायब्ररीतल्या तयार फंक्शनला हाक मारतो. ही हाक आणि ते फंक्शन यांच्या वाटेवर तिसराच कोड नाका टाकून बसू शकतो. तो हाक अडवतो, तिची नोंद करतो, वाटल्यास मजकूर बदलतो आणि मग मूळ फंक्शनकडे सोडतो. कधी सोडतही नाही. प्रोग्रामरांच्या बोलीत याला 'हूक' टाकणे म्हणतात आणि मूळ फंक्शनभोवती गुंडाळलेल्या कोडला 'रॅपर'. प्रोग्रामला फंक्शनचा पत्ता सहसा पाठ नसतो, तो कुठल्यातरी तक्त्यात पाहावा लागतो, म्हणून हे जमते. तो तक्ता कुठे ठेवला आणि त्याला हात लावायची मुभा कोणाला दिली, यावरून प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या तंत्राची चाल वेगळी पडली.

१९८१ साली एमएस-डॉस आली तेव्हा हा तक्ता मेमरीच्या पहिल्याच पत्त्यापासून उघड्यावर मांडलेला होता: २५६ नोंदी, प्रत्येकी ४ बाइट, एकूण १ किलोबाइट. त्यावर पहारा नव्हताच. उलट नोंदीतला जुना पत्ता विचारण्याची आणि तिथे नवा लिहिण्याची सोय डॉसनेच दिली होती. जुना पत्ता जपून ठेवायचा, त्या जागी आपला लिहायचा, आपले काम उरकले की जुन्याकडे उडी मारायची, एवढीच कृती. बोरलँडच्या १९८४ मधल्या साइडकिकने कीबोर्डची वाट अशीच अडवली होती. ठरावीक कळा दाबल्या की कुठलाही प्रोग्राम चालू असताना वहीचे किंवा कॅल्क्युलेटरचे पान पडद्यावर उघडे. असे चार-पाच प्रोग्राम एकावर एक बसले की त्यांची उतरंड होई. त्यातले मधलेच मडके काढले तर वरचा प्रोग्राम त्याच्या रिकाम्या जागेकडे उड्या मारत राही आणि यंत्र गोठे. म्हणून शेवटी आलेल्याने आधी उठायचे, ही शिस्त पाळावी लागे.

याच उघड्या तक्त्याचा फायदा लाहोरमध्ये १९८६ साली लिहिलेल्या 'ब्रेन' या व्हायरसने घेतला. त्याने डिस्क वाचण्याची हाक अडवली. लागण झालेला बूट सेक्टर कोणी तपासायला गेले की तो जपून ठेवलेली मूळ प्रत पुढे करी. तपासणाऱ्याला सारे ठाकठीक दिसे.

१९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये हीच सोय दुरुस्तीसाठी विचारपूर्वक केलेली होती. सिस्टिमचा मोठा भाग ६४ किलोबाइटच्या रॉममध्ये कोरलेला होता आणि रॉममधली चूक खोडता येत नाही. म्हणून प्रत्येक हाक रॅममधल्या तक्त्यावरून फिरवण्यात आली. चूक सापडली की डिस्कवरून सुधारित फंक्शन आणायचे आणि तक्त्यातली नोंद त्याच्याकडे वळवायची. पुढे वापरकर्त्यांच्या हौसेची 'एक्स्टेन्शन्स' याच वाटेने आत शिरली. यंत्र सुरू होताना पडद्याच्या तळाशी त्यांच्या चित्रांची रांग लागे. त्यांचे आपसात बिनसले की गुन्हेगार कोण हे शोधण्यासाठी निम्मी बंद करून पाहायची, मग उरलेल्यांतली निम्मी.

युनिक्सच्या जगात आधी लायब्ररीतले फंक्शन प्रोग्राममध्येच कायमचे शिवले जाई. अडवायचे तर ते शिवण घालतानाच. सनओएस ४ ने १९८८ मध्ये सामायिक लायब्रऱ्या आणल्या आणि नावावरून पत्ता शोधण्याचे काम प्रोग्राम सुरू होण्याच्या वेळेवर ढकलले. ते काम करणाऱ्या लिंकरचा नियम साधा होता: नाव ज्याच्याकडे पहिल्यांदा सापडेल त्याचे फंक्शन खरे. 'एलडी प्रीलोड' या पर्यावरण-चलात आपल्या लायब्ररीचे नाव लिहिले की ती रांगेत सर्वांच्या पुढे जाऊन बसे. प्रोग्रामला हात न लावता, त्याचा सोर्स हाती नसतानाही त्याची हाक वळवता येऊ लागली. रॅपरला मूळ फंक्शन गाठता यावे म्हणून 'या नावाचा पुढचा मानकरी कोण' असे लिंकरला विचारण्याची सोय सोलारिसने दिली आणि लिनक्सवरच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीनेही ती घेतली. यातला खड्डा मात्र अनेकांना भोवला. मेमरी देणाऱ्या मॅलॉकला वेढणारे रॅपर मूळ मॅलॉकचा पत्ता विचारते. तो सांगताना लिंकरला स्वतःलाच थोडी मेमरी लागू शकते. ती मागणी पुन्हा रॅपरच्याच दारी येते आणि प्रोग्राम स्वतःच्या शेपटीमागे फिरत मरतो.

या वाटेने आलेल्या साधनांमध्ये 'फेकरूट' सर्वांत गमतीचे म्हणावे लागेल. डेबियन या लिनक्स वितरणाचे पॅकेज बांधताना आतल्या फाइलींची मालकी रूटची, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याची, दिसावी लागते, पण त्यासाठी प्रत्येकाला रूटचे अधिकार देणे धोक्याचे. फेकरूट मालकी बदलण्याची हाक अडवतो, 'बदलली' असे खुशाल सांगतो आणि हे खोटे लक्षात ठेवतो. नंतर मालक कोण असे विचारले की तेच खोटे न चुकता परत सांगतो. बाकी कशालाही धक्का लागत नाही.

हा नाका चुकवण्याच्या वाटाही आहेत. वाढीव अधिकारांनी चालणारे सेटयूआयडी प्रोग्राम सुरू होताना लिंकर परक्या प्रीलोडला दाद देत नाही. सारे पोटात शिवून घेतलेल्या प्रोग्रामला लिंकर लागतच नाही, आणि लिनक्सवर गो भाषेतले प्रोग्राम बहुधा लायब्ररीला वळसा घालून थेट सिस्टिमच्या गाभ्याशी, म्हणजे कर्नलशी, बोलतात. मॅक ओएस एक्समध्ये प्रीलोडची सोय आली. पण तिथे प्रोग्राम फंक्शनच्या नावासोबत लायब्ररीचेही नाव नोंदवू लागला, त्यामुळे नुसते रांगेत पुढे उभे राहून भागेना.

विंडोजमध्ये ही जोडीने नावे घेण्याची रीत आधीपासूनच होती. आयात केलेल्या फंक्शनांचा तक्ता तिथे प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा असतो. त्यातल्या नोंदी बदलता येतात, पण प्रोग्रामने चालू असताना पत्ता थेट विचारून घेतला की तो तक्त्याच्या बाजूने निसटतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या गॅलन हंट आणि डग ब्रुबाकर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या 'डिटूर्स'ने तक्ता सोडून खुद्द फंक्शनलाच हात घातला. फंक्शनच्या सुरुवातीचे ५ बाइट खोडून तिथे उडीची सूचना लिहायची, आणि खोडलेल्या सूचना दुसरीकडे नेऊन त्यांच्या शेवटी मूळ फंक्शनच्या उरलेल्या भागाकडे परत उडी ठेवायची. एक्स८६ प्रोसेसरच्या सूचना लहानमोठ्या असतात. पाचवा बाइट एखाद्या सूचनेच्या मधोमध पडू नये म्हणून त्या आधी उलगडून वाचाव्या लागतात. खुद्द मायक्रोसॉफ्टही आपल्या ग्राहकांच्या भल्यासाठी अशाच वाटा अडवते: जुना प्रोग्राम आवृत्ती विचारी तेव्हा विंडोज एक्सपीतला 'शिम' त्याला बेलाशक विंडोज ९५ सांगे.

२००५ मध्ये सोनी बीएमजीच्या संगीत सीडींनी कर्नलमधला तक्ता बदलून विशिष्ट अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइली लपवल्याचे मार्क रुसिनोविच यांनी उघड केले. त्याच वर्षी ६४ बिट विंडोजने कर्नलच्या तक्त्यांवर पहारा बसवला. अ‍ॅपलने २०१५ मध्ये सिस्टिमच्या स्वतःच्या प्रोग्रामांपुरते प्रीलोड बंद केले.

तरीही २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइली आवळणाऱ्या लायब्ररीत पेरलेला चोरकोड लिंकरच्याच सोयींवर स्वार झाला. प्रोसेसर पाहून फंक्शनची योग्य आवृत्ती निवडण्याची ग्लिबसीत एक सोय आहे. ती प्रोग्राम सुरू होताना, पत्त्यांच्या तक्त्याला कुलूप लागण्याआधी चालते. त्या फटीतून आत शिरून चोरकोडाने दूरस्थ लॉगिनच्या एसएसएच सर्व्हरमधले आरएसए तपासणीचे फंक्शन आपल्याकडे वळवले. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला खटकले. त्याने २९ मार्च रोजी सारे जाहीर केले, तेव्हा दूषित ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या डेबियन आणि फेडोराच्या चाचणीच्या शाखांपर्यंत येऊन पोहोचल्या होत्या.